मुद्देमाल: एक सिगारेट

1982 साली अमेरिकेत एका माणसाने रीतसर शपथपत्र केलं. मजकुराचा सारांश असा, की मंगळावरच्या एका जिवाने माझ्या शरीरात वस्ती केली आहे, सबब मी परग्रहवासी आहे. खाली सही, नोटरीची नोंद. सही करणाऱ्याचं कागदोपत्री नाव रॉजर किनार्ड एरिक्सन. रॉजरमधला 'रॉ' आणि किनार्डमधला 'की' घेऊन घरी पडलेलं नाव रॉकी. रॉक संगीताच्या इतिहासात तो याच नावाने आहे.

हा किस्सा बहुतेक जण हसण्यासाठी सांगतात. मी कोर्टकचेरीच्या कागदांत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे मला आधी प्रश्न पडला तो वेगळाच: त्याला हे शपथपत्र हवं होतं कशासाठी? उत्तर मिळालं ते ऐकून हसू आलं नाही. आजूबाजूची माणसं आपल्या मनावर हल्ले करतात, असं रॉकीला तेव्हा सतत वाटत होतं. त्याने तर्क लढवला, की आपण परग्रहावरचे असू आणि ते जाहीर न करता इथे राहत असू, तर कुठला तरी आंतरराष्ट्रीय कायदा मोडत असणार. मग जाहीर करून टाकावं. एका काळजीपोटी धडपडणाऱ्या मित्राने नोटरी गाठून दिला. आणि रॉकीच्या म्हणण्याप्रमाणे त्या कागदानंतर हल्ले थांबले. नोटरी मजकुराच्या खरेखोटेपणाची हमी देत नसतो. अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढंच तो म्हणतो. रॉकीला तेवढं पुरलं. करणाऱ्याला इतका लवकर गुण आलेली शपथपत्रं मी फार पाहिलेली नाहीत.

रॉकी एरिक्सनची कथा सहसा एका ओळीत उरकतात: एलएसडी खाऊन डोकं फिरलेला गायक. एलएसडीने जे केलं ते केलंच, त्याची वकिली मला करायची नाही. पण प्रकरण पहिल्या पानापासून वाचत गेलं, की या माणसाचं प्रत्येक वळण कुठल्या ना कुठल्या कागदापाशी आलेलं दिसतं. कधी दुसऱ्यांनी त्याच्यापुढे सरकवलेला कागद, कधी त्याने स्वतः करून घेतलेला, आणि एकदा तर त्याचा नसलेलाच.

जन्म 15 जुलै 1947, टेक्सास राज्यातल्या डॅलसचा, वाढला त्याच राज्यातल्या ऑस्टिनमध्ये. वडील वास्तुविशारद, आई इव्हलिन चित्रं काढणारी, ऑपेराचं गाणं गळ्यात असलेली. पाच मुलगे, त्यांत रॉकी थोरला. पोराला गाण्याचं बाळकडू आईकडूनच मिळालं. 1965 मध्ये ट्रॅव्हिस हायस्कूलने नियमावर बोट ठेवून केस कापायला सांगितले, तेव्हा शाळा संपायला जेमतेम महिना उरला होता. त्याने केस ठेवले आणि शाळा सोडली.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स' हा बँड उभा राहिला. अमेरिकेत पुष्कळ इमारतींना तेरावा मजला नसतो, लिफ्टमध्ये बारानंतर थेट चौदाचं बटण. जो मजलाच नाही तिथे नेणारी लिफ्ट, असं ते नाव. शिवाय इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर 'एम', मॅरिवानाचं पहिलं, म्हणजे जाणत्यांसाठी आणखी एक खूण. बँडमधलं वैचारिक डोकं होतं टॉमी हॉलचं. विद्यापीठात शिकलेला, वयाने मोठा, तत्त्वज्ञानाची पुस्तकं कोळून प्यालेला. त्याला गिटार येत नव्हती, ड्रम येत नव्हते. त्याने घेतला जग, म्हणजे मातीचा बुधला.

या बुधल्यावर थोडं थांबायला हवं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या लोकसंगीतात रिकाम्या बुधल्यावर फुंकर घालून खर्जाचा आवाज काढत. हॉलने बुधला मायक्रोफोनला भिडवला आणि फुंकण्याऐवजी तोंडाने भराभर आवाज काढायला सुरुवात केली. पडक्या वाड्याच्या वळचणीला पारवे घुमावेत आणि ते कुणीतरी दुप्पट वेगाने वाजवावं, तसं काहीतरी ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं रेकॉर्ड बिघडली. दोनदा ऐकल्यावर ते वाद्य काढून टाकलेलं गाणं नागडं वाटायला लागतं. आणि या घुमण्याच्या वर रॉकीचा आवाज. पट्टी वर नेत नेत तो अशा जागी किंकाळी फोडतो, की ती सुरातही असते आणि जिवावर उदार झालेलीही. तेव्हा ऑस्टिनमध्येच गात असलेली, पुढे गाजलेली गायिका जॅनिस जॉप्लिन या बँडमध्ये यायच्या विचारात होती. ती पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेली हा भाग वेगळा.

रॉकीने शाळकरी वयात रचलेलं 'यू आर गॉना मिस मी' हे गाणं 1966 मध्ये बिलबोर्डच्या यादीत 55 व्या क्रमांकापर्यंत गेलं. बँडची देशभर म्हणावी अशी कमाई तेवढीच. त्याच वर्षी पहिला अल्बम आला, आणि त्याच्या नावातच 'सायकेडेलिक' हा शब्द होता, जो तेव्हा दुकानांत रुळायचा होता. वेष्टनावरचा मजकूर हॉलचा: माणसाला आपल्या मनाची अवस्था रसायनाने बदलता येते आणि मग जग नव्याने दिसतं, अशा थाटाचा. ही नुसती जाहिरात नव्हती. एलएसडी घेऊनच वाजवायचं, असा हॉलचा दंडक होता. तेव्हाच्या एका टीव्ही कार्यक्रमात निवेदक डिक क्लार्कने विचारलं, तुमच्यातला 'हेड' कोण, म्हणजे म्होरक्या कोण. हॉल म्हणाला, आम्ही सगळेच हेड आहोत. त्या काळच्या बोलीत 'हेड' म्हणजे नशापाणी करणारा. लाखो घरांत ते वाक्य गेलं आणि बहुतेकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोलिसांना मात्र वाटत होतं. 1966 च्या जानेवारीतच बँडवर गांजासाठी छापा पडला होता. इथे कायद्याची विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. एलएसडी जवळ बाळगणं अमेरिकेत देशपातळीवर गुन्हा ठरलं ते 1968 च्या अखेरीस. टेक्सासात गांजा मात्र आधीपासूनच गंभीर गुन्हा. कितीही थोडा सापडला तरी दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद. ती सैल झाली 1973 मध्ये. रॉकीच्या दृष्टीने चार वर्षं उशिरा.

रेकॉर्ड कंपनी ह्यूस्टनची, इंटरनॅशनल आर्टिस्ट्स. नाव मोठं, आवाका छोटा. 1967 चा दुसरा अल्बम 'ईस्टर एव्हरीव्हेअर' माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं काम. पहिलंच गाणं आठ मिनिटांचं, आणि त्यात कुठेही घाई नाही. 1968 मध्ये कंपनीने 'लाइव्ह' नावाची रेकॉर्ड काढली. प्रत्यक्षात ते स्टुडिओतले उरलेसुरले तुकडे होते, वर टाळ्या आणि आरडाओरडा चिकटवलेला. मैफल झालीच नव्हती. करारनाम्यावर सह्या करणाऱ्या विशीतल्या पोरांच्या हाती पैसे फारसे कधी लागले नाहीत.

या टप्प्यावर मला सिड बॅरेट आठवतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा मूळ सूत्रधार, रॉकीपेक्षा वर्षाने मोठा. त्याचंही मन 1968 च्या आसपासच ढासळलं आणि त्याच वर्षी तो बँडबाहेर गेला. लोक दोघांची नावं एका दमात घेतात. पण बॅरेटच्या गाण्यांचं मानधन त्याला शेवटपर्यंत पोचत राहिलं, त्याच्या जागी आलेल्या डेव्हिड गिल्मरने त्यावर लक्ष ठेवलं. केंब्रिजमधल्या घरात बागकाम करत, चित्रं काढत तो 2006 पर्यंत जगला. आजार दोघांनाही होता. एकाच्या पाठीशी नीट लिहिलेला कागद होता.

1968 मध्ये सॅन अँटोनिओला हेमिसफेअर नावाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या कार्यक्रमात रॉकी मंचावर असंबद्ध बोलायला लागला. गाण्याचे शब्द सोडून भलतंच. त्यानंतर ह्यूस्टनच्या मनोरुग्णालयात भरती, पॅरानॉइड सिझोफ्रेनिया असं निदान, आणि विजेचे झटके. तेव्हा तो विशी नुकती ओलांडत होता.

निदानाबद्दल थोडं. सिझोफ्रेनिया पुरुषांत बहुधा याच वयात उघडा पडतो, अठरा ते पंचवीसच्या दरम्यान. मुळात कल असलेल्या माणसात एलएसडीसारखं द्रव्य तो आजार लवकर वर आणू शकतं किंवा चिघळवू शकतं. पण एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत किती वाटा जन्मजात आणि किती वाटा गोळ्यांचा, हे मागाहून वेगळं काढता येत नाही. दुधात पडलेल्या पाण्यासारखं ते. 'एलएसडीने वेडा झाला' म्हणणाऱ्यांना हे गैरसोयीचं वाटतं. त्याच गोळ्या त्याच मंचावर तितक्याच किंवा जास्त घेणारा टॉमी हॉल म्हातारा होईपर्यंत आपलं तत्त्वज्ञान सांगत होता.

आता या प्रकरणाचं मुख्य पान.

ऑस्टिन शहराच्या कडेला नदीच्या वर माउंट बोनेल नावाची टेकडी आहे. माणसं तिथे सूर्यास्त बघायला जातात. 1969 मध्ये तिथे पोलिसांनी रॉकीला पकडलं. मुद्देमाल: गांजा भरलेली एक सिगारेट. पंचनामा लिहिणाऱ्याला दोन ओळींपेक्षा जास्त काही लिहायचं नव्हतं. पण बँडचं नाव बदनाम, डोक्यावर केस, आणि कायदा वर सांगितला तसा. दहा वर्षांची कैद समोर दिसत होती.

बचाव घेतला गेला तो वेडाचा. वेड असल्यामुळे निर्दोष. वकिलाच्या नजरेने पाहिलं तर डावपेच वावगा नाही. अशिलाचं निदान झालेलं, रुग्णालयाचे कागद हाताशी, आणि दहा वर्षं वाचत असतील तर कोण सोडेल? कोर्टाच्या आवारात वावरलेल्या माणसाला मात्र इथेच धस्स होतं. कैदेला तारीख असते. कैदी भिंतीवर रेघा ओढू शकतो. वेडाच्या बचावाने सुटलेला माणूस घरी जात नाही, इस्पितळात जातो, आणि तिथून तो कधी बाहेर येईल हे कुठल्याच हुकमात लिहिलेलं नसतं. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 खाली (2024 पूर्वी दंड संहितेचं कलम 84) सुटलेल्या आरोपीला 'सुरक्षित ताब्यात' ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो, आणि मग ती फाईल पुन्हा कोण उघडणार, हा प्रश्न त्याच्या नातेवाइकांचा उरतो.

आधी त्याला ऑस्टिनच्याच सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं. तिथून तो पळाला. पकडून आणला, पुन्हा पळाला. पळणारा रुग्ण म्हणून शेरा बसला आणि त्याची रवानगी पूर्व टेक्सासातल्या रस्क इथे झाली. ही जागा मुळात एकोणिसाव्या शतकात तुरुंग म्हणून बांधलेली, नंतर तिचं इस्पितळ केलेलं. गुन्हेगार ठरलेल्या मनोरुग्णांना जिथे बंदोबस्तात ठेवत, तिथे रॉकी पोचला. 1972 पर्यंत तो तिथेच होता.

रस्कमध्ये त्याला थोराझिन देत आणि विजेचे झटके देत. थोराझिन म्हणजे क्लोरप्रोमाझिन, 1950 च्या दशकात आलेलं, भास आणि भ्रम दाबणारं औषध. त्याने उपकारही पुष्कळांवर केलेत. पण त्या काळच्या मात्रांत त्याचे दुष्परिणाम नजरेत भरत: अंग ताठरतं, पाय फरफटतात, तोंडाला कोरड, हाताला कंप. गिटार वाजवणाऱ्याच्या हाताला कंप! ज्याचा गळा हेच भांडवल त्याच्या तोंडाला कोरड. विजेच्या झटक्यांबद्दल सरसकट वाईट बोलावं असंही नाही. भूल देऊन, नेमक्या आजारात आजही ते देतात आणि गुण येतो. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ते देण्यावर बंदी घातली आहे. रस्कमध्ये मात्र रॉकीला विचारतो कोण!

आणि तरी त्याने तिथे बँड काढला. 'द मिसिंग लिंक्स' असं नाव. वाजवणारे सगळे तिथलेच, त्यांत खुनासारख्या गुन्ह्यांत आलेले. आपल्या वाट्याला एक सिगारेट, साथीदाराच्या वाट्याला एक प्रेत, आणि दोघांनी मिळून ताल धरायचा. त्या इस्पितळातल्या रॉकीने भरपूर लिहिलं: गाणी आणि देवाधर्माच्या कविता. भुताखेतांचा मागमूस नाही, शापवाणी नाही. प्रेम, क्षमा, देव सगळीकडे आहे, असली साधी, जवळपास अभंगाच्या वळणाने जाणारी वाक्यं. 'ओपनर्स' या नावाने 1972 मध्ये त्या कवितांचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी वकिलांच्या खटपटीने तो शहाणा ठरला आणि बाहेर आला. म्हणजे वेडा ठरायलाही कागद लागला होता आणि शहाणा ठरायलाही.

बाहेर आलेल्या रॉकीने मात्र भुतं बाहेर काढली. 1974 मध्ये 'ब्लीब एलियन' नावाचा नवा बँड. 'ब्लीब' म्हणजे बायबल या शब्दाच्या अक्षरांची उलटापालट. बुधला गेला आणि त्या जागी विजेवर चालणारा ऑटोहार्प, म्हणजे एक तंतुवाद्य, आला. चमत्कारिक वाद्याशिवाय याला करमत नसावं. गाण्यांत आता दोन डोक्यांचा कुत्रा, झाँबी, रक्ताळलेला हातोडा, सैतान. ज्याने तीन वर्षं देव सगळीकडे आहे असं लिहिलं, तो आता सैतानाशी गप्पा मारत होता. यावर पानंच्या पानं लिहिणारे आहेत. मला वाटतं, लहानपणी पाहिलेल्या भुतांच्या सिनेमांतली भुतं त्याला त्यातल्या त्यात परवडत होती. त्यांना चेहरा होता, नाव होतं.

1980 आणि 1981 मध्ये ही गाणी अल्बमांत आली. निर्माता होता स्टू कुक, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या गाजलेल्या बँडचा बास वाजवणारा. रॉकीकडून एक गाणं सलग गाऊन घेणं जिकिरीचं होतं. कुकने वेगवेगळ्या वेळचे आवाजाचे तुकडे जोडून जोडून ती गाणी उभी केली. गोधडीसारखं काम. ऐकताना टाका दिसत नाही, हे कुकचं श्रेय.

पुढच्याच वर्षी ते मंगळाचं शपथपत्र झालं.

ऐंशीच्या दशकाचा उरलेला भाग लवकर आटोपतो. गाणं आटत गेलं, करारांवर करार होत राहिले. समोर कागद ठेवला की सही करणारा माणूस म्हणून रॉकीची ख्याती होती, आणि त्या कागदांतून त्याच्या हाती आलं ते नगण्य. बँडचा जुना गिटारवादक स्टेसी सदरलंड 1978 मध्येच पत्नीच्या गोळीने मेला होता. रॉकी सरकारी मदतीवर राहत होता, आणि त्याला नाद लागला होता टपालाचा. जाहिरातींची पत्रकं तो तासन् तास वाचत बसे. त्यांतल्या कंपन्यांना उत्तरं लिही. हयात आणि मेलेल्या नामवंतांना पत्रं पाठवी.

1989 मध्ये त्याला पुन्हा अटक झाली, टपाल चोरल्याबद्दल. घर सोडून गेलेल्या शेजाऱ्यांची पत्रं तो उचलून आणायचा आणि आपल्या खोलीच्या भिंतींवर चिकटवायचा. एकही पाकीट उघडलं नाही, असं तो ठामपणे सांगत राहिला. अखेर आरोप मागे घेतले गेले. मला त्या खोलीचं चित्र डोळ्यांसमोरून हटत नाही. चारी भिंतींवर बंद पाकिटं, त्यांवर पत्ता आहे पण माणूस निघून गेला आहे. इतकी वर्षं कागदांनी याला हवं तिथे फिरवलं. इथे पहिल्यांदाच कागद त्याने लावले तसे, मुकाट, भिंतीला राहिले.

त्याच सुमारास त्याची कीर्ती भलतीकडे वाढत होती. 1990 मध्ये सायर रेकॉर्ड्सने त्याच्या गाण्यांचा मानवंदना अल्बम काढला, त्यात आर. ई. एम., झीझी टॉप, प्रायमल स्क्रीम अशी मंडळी गायली. ज्यांच्या पोस्टरांनी पोरांच्या खोल्या भरलेल्या, ते याची गाणी गात होते, आणि मूळ गायक टीव्ही, रेडिओ सगळं एकदम, पूर्ण आवाजात लावून झोपण्याचा प्रयत्न करत होता. डोक्यातले आवाज दाबायला बाहेरचा कल्ला. पाहुण्याला त्या खोलीत मिनिटभर उभं राहवत नसे. रॉकीला त्यातच चैन पडे.

त्याची देखभाल आई करत होती. हा भाग मी तीनदा लिहून खोडला, कारण इव्हलिनवर ठपका ठेवणं फार सोपं आहे. तिचा औषधांवर विश्वास नव्हता. मुलाला गोळ्या मिळत नव्हत्या, दात किडून गेले होते, जटा वाढल्या होत्या, आणि आई म्हणत होती की तो ठीक आहे. पण तिने औषधोपचार म्हणून काय पाहिलं होतं? रस्क. धडधाकट पोरगा आत गेला आणि फरफटत्या पायांनी बाहेर आला. डॉक्टर, न्यायाधीश, वकील या सगळ्यांनी मिळून त्याचं भलं एकदा केलेलं होतं. अशा बाईला पुन्हा इस्पितळाचं नाव काढल्यावर काय वाटत असेल, ते समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही दात दुखतच होते, आणि भावांना ते बघवत नव्हतं.

धाकटा भाऊ समनर पिट्सबर्ग सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे पितळी वाद्यांतलं सगळ्यांत अजस्र, मांडीवर धरून वाजवायचं, खर्जातलं. घरातला थोरला किंचाळणारा आणि धाकटा खर्ज सांभाळणारा, हा योग कुणी कथेत घातला तर ओढूनताणून वाटेल. समनरने न्यायालयात अर्ज केला, की रॉकीचं पालकत्व माझ्याकडे द्यावं. आईने विरोध केला. एकाच घरातली दोन माणसं, दोघांच्याही तोंडी रॉकीचं हित, आणि मध्ये बसलेला त्रेपन्न वर्षांचा रॉकी. असे खटले ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, की यात जिंकणाराही त्या दिवशी जेवत नाही.

2001 मध्ये निकाल समनरच्या बाजूने गेला. त्याने रॉकीला पिट्सबर्गला नेलं. दात नीट करून घेतले, चांगला मनोविकारतज्ज्ञ गाठला, नव्या पिढीची औषधं सुरू झाली. यातलं एकही काम चमत्काराचं नव्हतं. दुसरं काम तितकंच महत्त्वाचं आणि त्याबद्दल संगीतवाले फारसं बोलत नाहीत: समनरने रॉकीच्या नावाने कायदेशीर विश्वस्त निधी केला, आणि वकिलांनी जुने करार काढून बसून गाण्यांचे हक्क आणि थकलेलं मानधन यांचा माग घ्यायला सुरुवात केली. पस्तीस वर्षांचा गुंता. एकेक गाठ सोडवायला कुणीतरी टेबलाशी बसावं लागतं, आणि तसं बसणारा माणूस रॉकीला या वेळी पहिल्यांदा मिळाला.

2005 च्या सप्टेंबरमध्ये ऑस्टिन सिटी लिमिट्स या महोत्सवात रॉकी मंचावर आला. पूर्ण लांबीची मैफल त्याने केली त्याला वीसेक वर्षं झाली होती. साथीला 'द एक्सप्लोझिव्ह्ज', जुन्या दिवसांतलाच बँड. आवाज जाड झाला होता, पण किंकाळी ठरल्या जागी आली. मधल्या काळात ड्रायव्हिंग लायसन्स निघालं होतं, तो स्वतः गाडी चालवू लागला होता. माझ्या हिशेबी त्या मैफलीइतकीच ही बातमी मोठी. 2007 मध्ये कोचेला महोत्सव, न्यू यॉर्क, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. 2015 मध्ये ऑस्टिनला एलिव्हेटर्सचे उरलेले सवंगडी पुन्हा एकत्र वाजले, टॉमी हॉल बुधला घेऊन हजर होता. ज्या महोत्सवात हे घडलं त्याचं नाव 'लेव्हिटेशन', एलिव्हेटर्सच्याच एका गाण्यावरून ठेवलेलं.

31 मे 2019 रोजी ऑस्टिनमध्ये रॉकी गेला. वय 71.

माझ्याकडे त्याचं जे एक काम वारंवार लावलं जातं ते 2010 चं, 'ट्रू लव्ह कास्ट आउट ऑल ईव्हिल'. ओकरव्हिल रिव्हर या ऑस्टिनच्या बँडबरोबर केलेलं. त्यांच्या विल शेफने रॉकीच्या जुन्या, कुठे कधी न आलेल्या गाण्यांचा ढीग उपसून त्यातून निवड केली. त्या अल्बमची सुरुवात स्टुडिओतली नाही. एकदम खरखर ऐकू येते, मग साधी गिटार आणि विशीतला आवाज, देवाबद्दल काहीतरी गाणारा. किंकाळी नाही, बुधला नाही. अल्बमच्या शेवटीही तसाच एक तुकडा येतो. दोन्ही ध्वनिमुद्रणं रस्कमधली आहेत. थोराझिन चालू असताना, झटके चालू असताना तो हे गात होता, आणि ते चाळीस वर्षं टिकलं, कारण भेटीला येताना इव्हलिन टेपरेकॉर्डर घेऊन यायची आणि मुलाला म्हणायला लावायची.